पुस्तक मिळालं, पण इंटरनलच्या आदल्या रात्री

पत्र:
ताई, मी परळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत असिस्टंट आहे, वय २९. जूनमध्ये प्रिन्सिपल सरांनी बोलावून सांगितलं की यंदापासून दिव्यांग कक्षाचं काम तुझ्याकडे. कक्ष म्हणजे एक कपाट आणि एक कॉम्प्युटर. सहा मुलं आहेत. दोघं पूर्ण अंध, एक एफवायला आणि एक टीवायला, दोघंही आर्ट्सचे. कॉमर्सची एक मुलगी लो व्हिजन आहे, एकाला ऐकू येत नाही, एकाला सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्याचा हात आखडतो, आणि एकीला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचता-लिहिताना अक्षरं अडतात, पण दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर ४० टक्के नाहीत म्हणून ऑफिस तिला काहीच द्यायला तयार नाही. सर-मॅडम व्हॉट्सॲपवर नोट्सचे फोटो पाठवतात, उद्या शिकवायचं तर आज रात्री. मी घरी बसून टाइप करते, एक-एक वाजतो. टीवायच्या मुलाला इतिहासाचं पुस्तक पूर्ण करून दिलं ते इंटरनलच्या आदल्या रात्री. तो फक्त 'थँक्यू मॅडम' म्हणाला आणि मला झोप लागली नाही. एक सर म्हणतात, पेपर लिहायला लेखनिक देतो की आपण, अजून काय पाहिजे. प्रिन्सिपल विचारतायत की महागडं सॉफ्टवेअर घ्यायचं का. आणि अख्खं पुस्तक स्कॅन करणं कायद्यात बसतं का, तेही मला माहीत नाही. काय करू?
लायब्ररीतली एकटी

उत्तर:

अगं, ते 'थँक्यू मॅडम' वाचून पोटात कालवलं. मीही ते ऐकलंय, कॉलेजच्या लायब्ररीत बावीस वर्षं काढली मी आणि त्यातली शेवटची बारा याच कामात गेली. ही मुलं शाळेपासून उशिरा आलेल्या वस्तूंना थँक्यू म्हणत आलेली असतात गं. बाकीच्या वर्गाला ते पुस्तक जूनमध्ये दुकानात मिळालं, कुणी उघडलं, कुणी नाही उघडलं, पण ते त्यांच्या हातात तरी होतं. म्हणून तुझ्या कामाचं माप मी एकच सांगेन, बाकीच्यांच्या हातात पुस्तक आलं त्याच आठवड्यात या सहा जणांच्या हातात आलं का, एवढं बघायचं, किती पानं टाइप केली ते मोजत बसू नकोस.

आणि हे रात्रीचं टायपिंग आजपासून बंद. तुला कोऑर्डिनेटर केलंय आणि तू टायपिस्टचं काम अंगावर घेतलंयस. तू रात्री एकपर्यंत जागलीस तरी ते उशिराच होणार, कारण उशीर तुझ्याकडे होतच नाहीये, तो आधीच झालेला असतो, सरांनी फोटो पाठवला त्या क्षणी. तर तिथे जाऊन धर. प्रत्येक सर-मॅडम सेमच्या सुरुवातीला टीचिंग प्लॅन लिहून देतात ना, कुठल्या आठवड्यात काय शिकवणार ते? तो एचओडीकडे किंवा आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता समितीच्या फायलीत पडलेला असतो, कुणी परत उघडत नाही. तो माग. त्यात मोड्यूल आहे, आठवडा आहे, बहुतेक वेळा पुस्तकांची नावंही आहेत. मग सरांकडे जाऊन एवढंच विचारायचं, सर यातलं कुठलं पुस्तक खरंच वापरणार, कितवी आवृत्ती, आणि पहिलं कुठलं प्रकरण. आवृत्ती विसरू नको, नाहीतर सर वर्गात पान ६४ म्हणणार आणि आपल्या मुलाच्या फाईलमध्ये ते ७१ वर असणार. पुढच्या सेमची यादी दिवाळीच्या सुट्टीच्या आधी हातात पाहिजे, आणि जूनच्या सेमची एप्रिलमध्ये, पेपर तपासायला सगळे कॉलेजात असतात तेव्हाच. सुट्टी लागली की कुणी फोन उचलत नाही.

त्याच्याही आधी मात्र त्या सहा जणांशी एकेकट्याने बोल, वीस मिनिटं, चहा घेऊन. तू घरी कशावर वाचतोस, फोनवर की लॅपटॉपवर, ब्रेल येते का, कुठला विषय अडतो, एवढंच. मी हे न विचारता एकदा मोठ्या हौसेने एका मुलासाठी अख्खं पुस्तक ब्रेलमध्ये करून घेतलं होतं, जाडजाड खंड आले, आणि तो म्हणाला मॅडम माझी नजर एकोणिसाव्या वर्षी गेली, मला ब्रेल येत नाही. ते खंड बरीच वर्षं कपाटावर होते आणि मला रोज दिसायचे. तुझ्या लो व्हिजनच्या मुलीलाही तुला वाटेल मोठ्या अक्षरातलं प्रिंट हवं, तिला कदाचित वर्गात ते ए-थ्रीचं भेंडोळं उघडायची लाज वाटत असेल आणि फोनवर काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं करून वाचणं सोपं जात असेल. तिला विचारल्याशिवाय ते आपल्याला कळत नाही.

आता पुस्तकांचं. स्वतः करायला बसायच्या आधी शोध, कुणीतरी आधीच केलेलं असू शकतं. सुगम्य पुस्तकालय म्हणून, छापील पुस्तक वाचता येत नाही अशांसाठीची ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ साली सुरू झालेली, डेझी फोरम ऑफ इंडियाची, देशभरातल्या संस्थांनी केलेली पुस्तकं त्यात एकत्र आहेत, मराठीही आहेत, तिथे दोन्ही अंध मुलांचं मेंबर म्हणून नाव घालून टाक. सेरेब्रल पाल्सीच्या मुलासाठीही विचार, हाताने पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही, हीसुद्धा छापील पुस्तकाची अडचणच आहे. वरळीला नॅब ही अंधांसाठी काम करणारी संस्था आहे, फोर्टला झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिहीन मुलांसाठीचं रिसोर्स सेंटर २००३ पासून चालू आहे, परळहून दोन्ही ठिकाणं लांब नाहीत, एक दिवस अर्धी रजा टाकून जाऊन ये. फोनवर जे कळत नाही ते तिथे त्यांच्या टेबलाशी बसून कळतं. आणि प्रकाशकाला मेल टाक, कॉलेजच्या लेटरहेडवर, की आमच्याकडे असा विद्यार्थी आहे, सॉफ्ट कॉपी द्या. काही देतात, काही उत्तरच देत नाहीत. आठवडाभर वाट बघायची आणि स्कॅनिंगला लागायचं.

हो, कायद्यात बसतं, अख्खं पुस्तक. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि ५२ व्या कलमात झेडबी म्हणून पोटकलम आलं. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कुठलंही पुस्तक तिला चालेल अशा स्वरूपात करता येतं, शिकण्यासाठी देता येतं, त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही. मग प्रकाशकाला मेल टाकायला का सांगितलं, तर सॉफ्ट कॉपी मिळाली तर तुझे पंधरा दिवस वाचतात म्हणून. मराकेश करार म्हणून याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला, २०१४ मध्ये. फक्त नफा घ्यायचा नाही आणि ती फाईल ज्यांना गरज आहे त्यांच्यातच राहिली पाहिजे, म्हणजे टीवायच्या वर्गाच्या ग्रुपवर ती टाकायची नाही, कुणी कितीही मागितली तरी.

आता जरा थांबून एक गोष्ट सांगते, कारण मराठीतून शिकवणाऱ्या कॉलेजात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. फॉन्ट. एकदा टीवायची एक अंध मुलगी माझ्या शेजारी बसली होती, इअरफोन लावून, कॉम्प्युटर तिला फाईल वाचून दाखवत होता. फाईल एका सरांनी स्वतः टाइप करून दिलेली, अगदी मनापासून, संतसाहित्यावरचं प्रकरण. मला स्क्रीनवर सुंदर स्वच्छ मराठी दिसत होती. सहज म्हणून मी तिचा एक इअरफोन कानाला लावला तर आत चाललेलं, 'जे एम डॉलर स्लॅश एस ब्रॅकेट क्यू'. आणि ती दहा मिनिटं ते ऐकत बसली होती, शांतपणे, हात मांडीवर ठेवून. मी म्हटलं अगं सांगायचं नाही का, तर म्हणाली मला वाटलं पुढे कुठेतरी मराठी सुरू होईल.

श्रीलिपी, शिवाजी, सुरेख हे जुने फॉन्ट असेच चालतात. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं, डोळ्याला मराठी दिसतं पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे जे, एम, डॉलरच असतं, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बिचारा आहे ते वाचतो. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल तरच तो मराठी बोलतो. ओळखायचं कसं, तर फाईलमधलं एक वाक्य कॉपी कर आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पेस्ट करून पाठव. मराठी दिसली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर जुना फॉन्ट, आणि काहीच सिलेक्ट झालं नाही तर तो नुसता फोटो आहे, नाव पीडीएफ असलं तरी. जुना फॉन्ट असेल तर कन्व्हर्टर मिळतात, नेटवर फुकटही आहेत, पण बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्याखालून घालावीच लागतात, तिथे हमखास गडबड होते. सरांकडून शक्यतो वर्डची फाईलच माग, पीडीएफ नको, मराठीची पीडीएफ झाली की युनिकोडचंही कधीकधी वाटोळं होतं. आणि कॉलेजबाहेरच्या ज्या डीटीपीवाल्याकडे सगळे सर नोट्स टाकतात, त्याला जाऊन एकदा भेट. त्याला सांग, दादा आमच्या कॉलेजचं काम युनिकोडमध्ये कर. माझ्याकडे तर एका डीटीपीवाल्यामुळे चार सरांचा प्रश्न सुटला होता, मीटिंगमध्ये जे दोन वर्षं झालं नाही ते.

स्कॅनिंगचं काम मुलांना वाटून दे. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, प्रोग्रॅम ऑफिसरशी बोल, पुस्तक तपासण्याचे तास त्यात धरून घे. लायब्ररीतल्या फ्लॅट स्कॅनरवर ३०० डीपीआयला स्कॅन, मोबाईलचा फोटो नको, मोबाईलमध्ये पानाची कड वाकडी येते, अंगठा येतो, ट्यूबलाइटची चकाकी येते आणि त्या पट्ट्यातल्या चार ओळी गायब. मग ते गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडलं की अक्षरं सुटी होतात, मराठीही बऱ्यापैकी ओळखतं. नंतर प्रत्येकाला दहा-दहा पानं, पुस्तक समोर ठेवून तपासायची. त्यांना तीन गोष्टी सांग, मूळ पान नंबर तसाच ठेवायचा, प्रकरणाच्या आणि उपशीर्षकाच्या नावाला वर्डमधली हेडिंग स्टाईल द्यायची, नुसतं बोल्ड करायचं नाही, आणि तळटीप वाक्याच्या मधोमध घुसली असेल तर उचलून पानाच्या शेवटी टाकायची. हेडिंगचं मुलांना पटत नाही आधी, काय फरक पडतो मॅडम म्हणतात. त्यांना सांग, तू पुस्तक चाळतोस, अंगठ्याने पानं सोडत जातोस आणि 'असहकार चळवळ' दिसलं की थांबतोस, त्याला असं चाळता येतं ते फक्त हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारून, हेडिंग नसेल तर त्याला १८० पानं पहिल्यापासून ऐकत यावं लागतं.

आणि अख्खं पुस्तक झाल्यावर द्यायचं हे सोडून दे. पहिलं प्रकरण तयार झालं की पहिलं प्रकरण पाठव. तुझ्या टीवायच्या मुलाच्या बाबतीत तुझं तिथेच चुकलं, तुला वाटलं पूर्ण आणि नीट करून देऊ, त्याला जुलैत पंचवीस पानं मिळाली असती तरी तो वर्गाबरोबर राहिला असता.

तक्ते आणि आकृत्यांना मात्र मशीन उपयोगाचं नाही, तिथे माणूस लागतो. कॉमर्सच्या मुलीला बॅलन्स शीट फोटो म्हणून देऊ नको, एक्सेलमध्ये दे, मग ती हवं तेवढं मोठं करून बघेल, ओळ सुटणार नाही. एफवायच्या मुलाला इकॉनॉमिक्स असेल तर मागणीचा वक्र शब्दांत लिहावा लागेल, आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते वगैरे, आणि हे विषयाच्या सरांनीच लिहायला पाहिजे, तू नाही, कारण त्या आकृतीत महत्त्वाचं काय ते त्यांनाच माहीत. एकदा जाड दोरा पुठ्ठ्यावर चिकटवून ती आकृती बोटाला कळेल अशी करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

ज्याला ऐकू येत नाही त्याचं बहुतेक कॉलेजात राहूनच जातं, कारण तो वाचतो म्हटल्यावर सगळ्यांना वाटतं प्रश्न मिटला. त्याला स्लाइड आदल्या दिवशी हव्यात, व्हिडिओ दाखवणार असतील तर खाली लिहून येणारा हवा, आणि सर फळ्याकडे तोंड करून बोलले की त्याचा तास संपला, एवढं सरांना सांग. अँड्रॉइड फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब नावाचं ॲप आहे, बोललेलं मराठी लिहून दाखवतं, शंभर मुलांच्या गोंगाटात चुका करतं पण सरांच्या टेबलाजवळ बसला तर बऱ्यापैकी चालतं. पण तो खुणांची भाषा वापरतो की ओठ वाचतो ते आधी विचार. बांद्रा रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, दुभाषा किंवा श्रवणयंत्राचं काही लागलं तर तिथे चौकशी कर. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला गूगल डॉक्समध्ये बोलून टाइप करायला शिकव, मराठीत होतं, असाइनमेंट दुसऱ्याच्या हाताने लिहून घ्यायची पाळी जाते.

डिस्लेक्सियाच्या मुलीसाठी ऑफिसशी भांडायला तुझ्या हातात कागद आहे. ४० टक्क्यांची अट राखीव जागांना वगैरे आहे. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ११ फेब्रुवारी २०२१ ला स्पष्ट सांगितलं की लेखनिक नाकारायला ४० टक्क्यांचं कारण चालणार नाही, आणि त्यानंतर केंद्र सरकारने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्क्यांखालच्या, लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तो निकाल आणि आत्ता लागू असलेल्या सूचना डाउनलोड कर, प्रिंट काढ, अर्जाला जोड आणि आवक नंबर घे, तोंडी बोलू नको. परीक्षेच्या वेळेचंही ऑफिसला लिहूनच दे, केंद्राच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. आणि फाईलसाठी तर या मुलीचं सर्टिफिकेट विचारायचंच नाही, तिच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, अंध मुलांसाठी केलेली वर्डची फाईल तिलाही दे, शब्द रंगवत वाचून दाखवायची सोय वर्डमध्येच असते.

ते लेखनिकवाले सर. त्यांच्यावर रागावू नको, त्यांनी कधी ऐकलेलं नाहीये ते. त्यांना लायब्ररीत बोलाव, चहा दे, त्यांचीच नोट्सची फाईल लाव आणि इअरफोन त्यांच्या हातात दे. दोन मिनिटं. मी असे तीन-चार जण बसवलेत, एकही जण दोन मिनिटं पुरी करू शकला नाही, आणि नंतर तेच विचारतात की मग कशी देऊ फाईल. लेखनिक पेपरच्या दिवशी येतो, तो स्वतःच्या मनाचं लिहित नाही, मुलाने सांगितलेलं लिहितो, आणि सांगायला मुलाने वर्षभर वाचलेलं पाहिजे, हे त्यांना सांगायची गरजच पडत नाही.

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठी वाचतो, आवाज जरा यांत्रिक वाटेल तुला पण मुलांचे कान त्याला सरावलेले असतात. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा वाचून दाखवणारा असतोच. पैसे असतील तर चांगला स्कॅनर, दोन हेडफोन आणि त्या एका कॉम्प्युटरला जोड म्हणून दुसरा घ्या. आणि हा कॉम्प्युटर कुलूपबंद खोलीत ठेवू नका, चावी शिपायाकडे आणि शिपाई जेवायला, असं मी खूप बघितलंय. प्रिन्सिपलना कारण हवं असेल तर नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, स्क्रीन रीडिंग सॉफ्टवेअर, वाचनसाहित्याच्या सॉफ्ट कॉपी हे सगळं विचारत आलेली आहे, आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. नॅकचं नाव घेतल्यावर सही पटकन होते असा माझा अनुभव आहे, आणि मुलांना पुस्तक मिळणार असेल तर मला त्यात काही वावगं वाटत नाही.

एक राहिलं. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांची नावं आणि त्यांना काय आहे ते टाकू नको. डिस्लेक्सियाच्या मुलीने कदाचित मैत्रिणींनाही सांगितलेलं नसेल. ज्या सरांचा तास आहे त्यांनाच, आणि तिला विचारून.

आता लगेच काय, तर उद्या सकाळी एनएसएसच्या मॅडमना गाठ आणि इतिहासाच्या सरांकडून पुढचं प्रकरण कुठलं ते विचारून घे. टीवायच्या मुलाला तूच फोन कर, त्याला सांग की मागच्या वेळी उशीर झाला तो आमच्याकडून झाला. आणि पुढच्या प्रकरणाची पहिली वीस पानं त्याला कुठल्या दिवशी मिळणार ती तारीख सांग.